खालच्या कप्प्यातली भांडी

दिल्लीजवळच्या इंदिरापुरममधल्या नव्या टॉवरमधला तो सातव्या मजल्यावरचा फ्लॅट ताब्यात मिळाला तेव्हा त्यात एकही दिवा नव्हता. छतातून वायरी लोंबत होत्या आणि स्वयंपाकघरात काळा ओटा नि एक नळ, एवढंच होतं. अबोलीने पर्स ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, चलो, आता घर मांडायचं. तहसीन हसली. घर मांडायचा अनुभव दोघींनाही नव्हता, पण भांड्यांचा तहसीनला होता.

तहसीन उदगीरची. तिच्या वडिलांचं तिथल्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं आणि शाळेच्या सुट्ट्या तिने त्याच दुकानात गल्ल्यामागे बसून काढल्या होत्या. घरात दखनी बोलत, पण शाळा मराठी, गिऱ्हाईक मराठी, त्यामुळे तिचं मराठी खेड्यापाड्यातल्या बायकांशी घासाघीस करून घडलेलं होतं. औरंगाबादला इंजिनिअरिंग करून ती नोएडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. अबोली त्याच कंपनीत. ती जन्मापासून दिल्लीत वाढलेली. वडील मुरलीधर केंद्र सरकारच्या नोकरीत होते. ते निवृत्त झाल्यावर आईवडिलांनी मयूर विहारचं भाड्याचं घर सोडलं आणि ते पुण्याला गेले. अबोली मागे एका पीजीत राहिली. ऑफिसच्या त्या मजल्यावर मराठी बोलणाऱ्या दोघीच, म्हणून ओळख झाली आणि ती टिकली. तहसीनच्या तोंडून सांडशी, वेळणी, झारा असे शब्द आले की अबोली थांबवून अर्थ विचारायची. आईच्या तोंडचे शब्द आहेत हे, मी विसरूनच गेले होते, असं म्हणायची.

ऑफिसात तहसीनला सगळे तनू म्हणत. मॅनेजरने पहिल्याच आठवड्यात नाव तोडून सोपं केलं होतं आणि तिनेही हरकत घेतली नव्हती. फ्लॅट घेताना दलालाने दोघींची नावं विचारली, मग जरा थांबून अबोलीकडे वळला. मालक कानपूरला असतात, करार एकाच मॅडमच्या नावाने करू, दुसरं नाव नंतर जोडता येईल, असं त्याचं म्हणणं. बाहेर आल्यावर अबोलीने त्याची नक्कल करून दाखवली आणि दोघी खूप हसल्या. घर मिळालं होतं, त्या आनंदात बाकीचं चालून गेलं.

शनिवारी त्या अट्टा मार्केटला गेल्या. अबोलीला नॉन-स्टिकचा सेट हवा होता. मॉलमध्ये बघितलेला, काचेच्या झाकणांचा, रंगीत खोक्यातला. तहसीनने तो उचलला, आतून बोट फिरवलं, कडीचे रिव्हेट बघितले आणि परत ठेवला. वर्षभरात पापुद्रे सुटतील, म्हणाली. मग एकेक भांडं ती हातात घेऊन तोलत गेली, बुडावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकत गेली. पातळ बुडाची पातेली बाजूला. जाड, तांब्याच्या बुडाची दोन पातेली घेतली, कारण ती एकदा तापली की गॅस बारीक केला तरी चालतं, आणि तेव्हा सिलिंडर मिळवणं म्हणजे एक काम होतं. तीन लिटरचा कुकर, दोघींना पुरेल आणि पाहुणा आला तरी निभावेल असा. हिंडालियमची कढई. लोखंडी तवा. अबोली रोज सकाळी ऑम्लेट खायची, म्हणून तिच्यासाठी एक छोटा नॉन-स्टिक पॅन, म्हणजे लोखंडी तव्याला अंड्याचा वास लागणार नाही. दुकानदार शेवटी तहसीनला विचारू लागला की तुमचं स्वतःचं दुकान आहे का. ती हो म्हणाली तेव्हा त्याने भाव आपणहून खाली आणला.

दिव्यांचं जरा अवघड गेलं. सोसायटीत दिवसातून कितीतरी वेळा वीज जायची आणि जनरेटरवर प्रत्येक फ्लॅटला थोडकाच लोड होता. साधे शंभरचे बल्ब लावले की वॉशिंग मशीन, फ्रिज सगळं एकदम बंद पडायचं आणि खाली जाऊन इलेक्ट्रिशियनच्या विनवण्या कराव्या लागायच्या, असं शेजारच्या बाईंनी सांगितलं होतं. तेव्हा सीएफएल घ्यायचे ठरले. अबोलीला तो पांढरा उजेड आवडेना. हॉस्पिटलसारखं वाटतं, म्हणाली. तहसीन म्हणाली, वाचायला, इस्त्रीला पांढराच बरा, पण ओट्यावर पिवळा लावू, नाहीतर फोडणी करपली की नाही तेच कळत नाही. दुकानदाराने दोन्ही लावून दाखवले. अबोलीने त्या पिवळ्या उजेडात आपला हात धरून पाहिला आणि मान्य केलं. घरी येऊन तहसीनने खुर्चीवर चढून एकेक बल्ब बसवला. शेवटचा स्वयंपाकघरातला. तो लागल्यावर अबोलीने टाळ्या वाजवल्या.

पुढचं वर्ष चांगलं गेलं. तहसीनने तवा तेल लावून, तापवून, पुसून असा काळाभोर केला की भाकरी त्यावर सुटून नाचायची. अबोली स्वयंपाक शिकली. मांसमच्छी घरात करायची नाही हा नियम तहसीननेच घातला होता, कारण शेजारी सगळे शाकाहारी होते आणि तिला कुजबुज नको होती. अबोलीला कोंबडी खावीशी वाटली की ती बाहेर जाऊन खायची.

मग अबोलीच्या आईचं यायचं ठरलं. चंद्रप्रभाबाईंच्या पुतणीचं लग्न दिल्लीत होतं आणि त्या लेकीकडे दहा दिवस राहणार होत्या. रविवारी कपड्यांच्या घड्या घालता घालता अबोलीने विषय काढला. आईला फोनवर तिने इतकंच सांगितलं होतं की तनू नावाची उदगीरची मैत्रीण सोबत राहते. आई जुन्या वळणाची आहे, ती स्वतः काही विचारणार नाही, तूही सांगू नकोस, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे, असं ती म्हणत राहिली. तहसीनने हातातल्या दुपट्ट्याची घडी पुरी केली. मग म्हणाली, "मी खोटं बोलणार नाही. पण आपणहून सांगणार पण नाही." अबोलीने तिला मिठी मारली. त्या संध्याकाळी तहसीनने आपली जानमाज, नमाजाची चटई, घडी करून पेटीत ठेवली. ती काही रोज नमाज पढणारी नव्हती, तरी पेटीचं झाकण लावताना तिला आपलाच राग आला.

चंद्रप्रभाबाई आल्या त्या भाजणी, मेतकूट, लसणीची चटणी घेऊनच. बाई प्रेमळ होत्या. पहिल्याच दिवशी तहसीनचं मराठी ऐकून त्या हरखल्या. माझ्या मुलीला झारा म्हणजे काय ते माहीत नाही आणि ही पोर बघा, असं त्यांनी पुण्याला फोन करून नवऱ्याला सांगितलं. तहसीनच्या हातचं वरण त्यांना फार आवडलं. दोघी ओट्याशी उभ्या राहून बोलत आणि अबोली बाहेर टीव्ही बघे. तहसीनला घर सोडून बरीच वर्षं झाली होती. आपल्या पाठीवर हात ठेवून कुणीतरी बोलतंय हे तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटत असतानाच आपण नाव लपवतोय हेही आठवत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी बाई थालीपीठं लावत होत्या. असा तवा पुण्यातसुद्धा मिळत नाही आता, म्हणाल्या. कुणी निवडला? तहसीनने सांगितलं की मीच, आमचं भांड्यांचंच दुकान आहे. बाईंनी कौतुकाने मान हलवली.

"काय नाव दुकानाचं?"

"शेख मेटल मार्ट."

"आधीच्या मालकाचं नाव ठेवलंय होय?"

"नाही काकू. आम्हीच शेख. माझं नाव तहसीन."

बाईंनी तव्यावरचं थालीपीठ उलटलं. कडेने तेल सोडलं. मग ते ताटलीत काढून त्यांनी तहसीनपुढे ठेवलं. "गरम आहे तोवर खा बाळा," म्हणाल्या. आवाजात काही फरक नव्हता. स्वतः मात्र त्या दिवशी जेवल्या नाहीत. पोट जड वाटतंय म्हणून त्यांनी दोन केळी खाल्ली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पडून राहिल्या. अबोलीने तहसीनकडे बघितलं आणि ओठ हलवून नुसतं विचारलं, कशाला सांगितलंस?

दुसऱ्या दिवशी तहसीन ऑफिसला गेली. अबोलीने आईसाठी रजा घेतली होती. संध्याकाळी तहसीन परतली तेव्हा ओट्याच्या वरच्या कप्प्यात नवी कोरी भांडी मांडलेली होती, नवा कुकर, नवा तवा, पातेली. दोघींनी मिळून आणलेली भांडी खालच्या कप्प्यात, एकावर एक, घासून लखलखीत केलेली. चंद्रप्रभाबाई स्वतः पुढे आल्या. रडवेल्या झाल्या होत्या.

"तुझा अपमान करायचा नाही हो मला," त्या म्हणाल्या. "तू गुणी मुलगी आहेस. पण माझे उपासतापास असतात, देवाचं असतं. जन्माची सवय आहे, या वयात कुठे बदलू? ही सगळी तुझीच भांडी. एकही कमी केलेलं नाही, अबोलीचा वाटा आम्ही मागणार नाही."

तहसीनने खाली वाकून तवा उचलला. तो तारेच्या घासणीने घासला होता. वर्षभराचा काळा थर गेला होता आणि कडेला आत्ताच गंज धरू लागला होता. त्याच्या शेजारी अंड्याचा छोटा पॅन होता, जो अबोलीशिवाय कुणी कधी वापरला नव्हता. तोही खाली आला होता. बाईंनी अंडं कोण खातं हे विचारलं नसावं, किंवा विचारलं तेव्हा अबोलीने सांगितलं नसावं. तहसीनने अबोलीकडे बघितलं. अबोली मोबाइलमध्ये काहीतरी बघत होती. "ठीक आहे काकू," तहसीन म्हणाली.

उरलेले दिवस एका ओट्यावर दोन स्वयंपाक झाले. गॅस एकच होता, फ्रिज एकच होता, आणि ओट्यावरच्या त्या दिव्याचा पिवळा उजेड दोघींच्या भांड्यांवर सारखाच पडत होता. त्याला बहुधा चालत असावं. चंद्रप्रभाबाई पूर्वीइतक्याच गोड बोलत. जाताना त्यांनी तहसीनच्या हातात लसणीच्या चटणीची बरणी ठेवली. तिच्या पाठीवर हात ठेवायला त्या पुढे झाल्या आणि मध्येच हात मागे घेऊन त्यांनी पदर सारखा केला.

आई गेल्यावर अबोली मोकळी झाल्यासारखी दिसली. सुटलो यार, म्हणाली. रविवारी ती बाहेर गेली असताना तहसीनने कप्पे रिकामे केले, पुसले, आणि नवी-जुनी सगळी भांडी एकत्र मांडली, पातेल्यांत पातेली, कुकरशेजारी कुकर. तव्याला तेल लावून पुन्हा गॅसवर धरला. अबोली परत आली, जेवली, झोपायला गेली. सोमवारी संध्याकाळी तहसीन ऑफिसातून उशिरा आली तेव्हा वरची वर होती आणि खालची खाली.

"हे तू केलंस?" तिने विचारलं.

"हो. अगं, आई दिवाळीला परत येणार आहे. तेव्हा पुन्हा सगळं घासत बसायचं का? वेगळीच राहिली तर कुणालाच त्रास नाही."

"मला होतो."

अबोली वैतागली. भांड्यांचं एवढं काय धरून बसलीस, म्हणाली. मी तुझ्या ताटात जेवते, तुझ्या डब्यातलं खाते, मी तसली नाही हे तुला चांगलं माहीत आहे.

"मग काकूंना फोन करून सांग," तहसीन म्हणाली, "की भांडी एकत्र आहेत."

अबोलीने मोबाइल हातात घेतला आणि परत ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "ती माझी आई आहे गं."

"माहीत आहे," तहसीन म्हणाली, आणि आपल्या खोलीत गेली.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं तिला नंतर पुष्कळदा वाटलं. पण अबोली भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने नेहमीसारखा दोघींचा चहा केला, वरच्या भांड्यात केला आणि कपात ओतून तहसीनला आणून दिला. हा चहा आपण घ्यायचा की नाही हे तहसीनला ठरवता येईना. तिने तो घेतला. तो महिना संपायच्या आत तिने सांगितलं की मी दुसरीकडे जागा बघते.

अबोली खरंच रडली. तिने रागाने नव्हे, मनापासून थांबवायचा प्रयत्न केला. जागा बघायलाही ती दोनदा सोबत आली. शेजारच्या वैशाली भागात एक खोली पसंत पडली, दलालाने किल्ली दाखवली, नाव विचारलं, आणि मग त्याला आठवलं की ही खोली कालच गेली. नोएडात एका मालकिणीने चहा पाजला, मुली चांगल्या घरच्या दिसतात म्हणाली, ओळखपत्र बघितल्यावर नवऱ्याला विचारून सांगते म्हणाली आणि तिने फोन कधीच उचलला नाही. तिसऱ्या ठिकाणी अबोली पुढे होऊन म्हणाली की करार माझ्या नावाने करू, राहील ही. तहसीनने तिचा दंड धरून तिला बाहेर आणलं. पुन्हा असं बोलू नकोस, एवढंच म्हणाली. त्यानंतर ती एकटीच फिरली.

शेवटी यमुनेपलीकडे झाकीर नगरच्या मुसलमान वस्तीत जागा मिळाली. गल्ली इतकी अरुंद होती की समोरच्या गॅलरीतला माणूस दात घासताना दिसायचा. खोलीत दिवसाही उजेड नसायचा. मालकाने नाव विचारलं, तिने सांगितलं, त्याने किल्ली दिली. इतकं सोपं असू शकतं याचंच तिला वाईट वाटलं. सामान नेताना अबोलीने भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, सगळी, अंड्याच्या पॅनसकट. तो तुझा आहे, तहसीन म्हणाली. अबोलीने मान फिरवली आणि तो दुसऱ्या पातेल्यात कोंबला. दिव्यांचं काय करायचं, असं तिने विचारलं. तहसीन म्हणाली, राहू देत, काढले तर तू आज रात्री अंधारात बसशील.

वडिलांना तिने सांगितलं की ऑफिसला जवळ पडेल अशी जागा घेतली. अबोलीची आई कशी वाटली, त्यांनी विचारलं. चांगल्या आहेत, फार कौतुक करतात भांड्यांचं, ती म्हणाली. वडील खूश झाले. पुढच्या वेळी त्यांच्यासाठी एक पितळेचा डबा पाठवतो, म्हणाले. तिने नको म्हटलं, तरी ते महिनाभर त्याबद्दल बोलत राहिले.

इंदिरापुरमला असताना बँकेची माणसं क्रेडिट कार्ड घ्या म्हणून दारात यायची, नको म्हटलं तरी फोन करायची. नव्या पत्त्यावर तिने स्वतः अर्ज केला तेव्हा एका मुलाने फोनवर अदबीने सांगितलं की पगार वगैरे सगळं ठीक आहे मॅडम, पण तो एरिया आम्ही करत नाही. घरी पुस्तकं मागवली तर कुरिअरचा माणूस मोठ्या रस्त्यावर उभा राहून फोन करायचा, खाली येऊन घेऊन जा. ती जायची. हळूहळू तिने या गोष्टी ऑफिसात सांगणं बंद केलं, कारण ऐकणाऱ्यांचे चेहरे अवघडत आणि मग त्यांचीच समजूत घालावी लागे.

अबोलीशी बोलणं तुटलं नाही. तेच टीमचं काम, तेच कँटीन. अबोली शेजारी येऊन बसायची, तिच्या डब्यातलं उचलून खायची, आणि आजूबाजूच्यांना सांगायची की हिच्या हाताला जी चव आहे ती कुणाला नाही. तहसीन डबा तिच्याकडे सरकवायची. फ्लॅटमध्ये आता देवयानी नावाची पुण्याची मुलगी राहायला आली होती. ती कशी आहे, हे तहसीनने विचारलं नाही.

हिवाळ्यात टीममध्ये गौरव नावाचा नवा मुलगा आला. तोही पुण्याचा, बोलका, कुणाचं वाईट न चिंतणारा. जेवताना कोण कुठे राहतं अशी चौकशी चालली होती. तहसीनने झाकीर नगर सांगितलं. तो म्हणाला की परवाच कुणाला तरी सोडायला त्या बाजूला गेलो होतो, केवढी गर्दी. मग अगदी साधेपणाने, नवी माहिती मिळवावी तसं त्याने विचारलं, "पण मला एक सांग, तुम्ही लोक असे सगळे एकाच वस्तीत का राहता? इथे एवढे नवीन टॉवर झालेत, आमच्यात येऊन राहायला काय हरकत आहे?"

तहसीनने अबोलीकडे बघितलं. अबोलीच्या हातात तहसीनच्याच डब्यातला भाकरीचा तुकडा होता. ती गौरवकडे बघून हसली.

"तिला तिथे बरं वाटतं," अबोली म्हणाली. "आपली माणसं असतात ना."

गौरवला ते पटलं. तो दुसरं काहीतरी बोलू लागला. तहसीनने डबा ओढून घेतला, अबोलीचा हात त्यात असतानाच झाकण लावायला घेतलं, आणि अबोलीने बोटं झटकन मागे घेतली. तहसीन डबा घेऊन उठली, खिडकीपाशी एक रिकामं टेबल होतं तिथे जाऊन बसली, आणि उरलेली भाकरी तिने एकटीने, सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.